सेल्फवरील आरोप आणि वस्तुस्थिती

जुनी मोटार चालू होईनाशी झाली, की पहिली फिर्याद सेल्फवर दाखल होते, आणि तिची शहानिशा होण्यापूर्वीच तो इंजिनावरून उतरवला जाऊन रिवाइंडिंगच्या दुकानात रवाना होतो. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांवर चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेली विजेची प्रारंभयंत्रणा आली आणि हँडल मारताना मनगट मोडण्याचे भय हळूहळू ओसरले, तेव्हापासून हे यंत्र मूलतः साधे व दणकट राहिलेले आहे. एका वेळी काही सेकंदच राबणारी ही मोटर वर्षानुवर्षे शाबूत राहते. दोष बहुधा तिच्यापर्यंत वीज पोहोचविणाऱ्या मार्गात असतो, असे माझे ठाम मत आहे. १९४८ पासून इंग्लंडात तयार झालेली मॉरिस मायनर ही गाडी उदाहरणासाठी घेऊ. तिची बॅटरी १२ व्होल्टची, धन टोक अर्थला जोडलेले, आणि सेल्फ लुकास कंपनीचा.

‘दिवे लागतात, हॉर्न वाजतो, त्या अर्थी बॅटरी ठणठणीत आहे’ हा समज सर्वांत रूढ, आणि सर्वांत फसवा. हेडलाइटच्या जोडीला दहाएक अँपियर प्रवाह पुरतो. थंड इंजिन फिरविणाऱ्या सेल्फला मात्र शेकडो अँपियर लागतात. भरलेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांत अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या आसपास ती निम्मी रिती झालेली असते. परंतु खरी परीक्षा सेल्फ मारतानाच होते, आणि त्या क्षणी तिच्या टोकांवरील दाब साडेनऊ व्होल्टच्या खाली कोसळत असेल, तर बॅटरी रिती तरी आहे किंवा निकामी तरी. मीटर जवळ नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारावा. दिवे अगदी मंद होऊन सेल्फ रेंगाळत असेल, तर बॅटरी अशक्त आहे किंवा सेल्फ अडकला आहे. सेल्फ निश्चल असून दिव्यांवर काहीच परिणाम होत नसेल, तर प्रवाह सेल्फपर्यंत पोहोचतच नाही.

न पोहोचण्याचे कारण शोधताना मालक मंडळी लाइव्ह केबल निरखून पाहतात आणि अर्थिंगकडे दुर्लक्ष करतात, हा दुसरा प्रमाद. जो प्रवाह जातो तो तितकाच परत यावा लागतो. आणि इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे त्याला बॉडीशी जोडणारी विणलेल्या तांब्याची पट्टी हाच त्या परतीचा राजमार्ग असतो. ही पट्टी तुटली वा गंजली, की प्रवाह मिळेल ती आडवाट धरतो: चोकची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची बारीक पोलादी तार क्षणात तापते, तिच्या वेष्टनातून धूर निघतो, आणि डॅशबोर्डवरच्या मुठीला हात लावला तर चटका बसतो. चोकच्या तारेतून धूर निघाल्याची तक्रार घेऊन कोणी आला, तर मी प्रथम अर्थची पट्टीच पाहीन. येथे गणित फार बोलके आहे. सांध्यावरच्या गंजाचा रोध एका ओहमचा केवळ शंभरावा भाग असला, तरी २०० अँपियरच्या प्रवाहात तो तब्बल २ व्होल्ट गिळतो, आणि तेवढ्या चिमुकल्या जागी ४०० वॅट उष्णता निर्माण करतो. म्हणूनच काही सेकंद सेल्फ मारून नंतर केबलचे सांधे हाताने चाचपावेत. जो गरम लागेल तो गुन्हेगार. अधिक बिनचूक तपास हवा असेल, तर इग्निशन कॉइलची बारीक वायर सोडवून ठेवावी म्हणजे इंजिन पेटणार नाही, मीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थकडील शिशाच्या खुंटालाच, क्लॅम्पला नव्हे, आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारावा. आकडा पाव व्होल्टच्या आत राहिला तर परतीचा मार्ग निर्दोष समजावा. अर्ध्याच्या पुढे गेला तर सांधे सोडवून, पॉलिशपेपरने चकचकीत करून, पुन्हा आवळावेत.

‘सेल्फ घूं करून फिरतो पण इंजिन ढिम्म हलत नाही, म्हणजे सेल्फ जळाला’ हा निष्कर्ष तर सर्वथा उफराटा आहे. जळालेली मोटर अशी फिरणारच नाही. मायनरच्या सेल्फवर बेंडिक्स असतो, म्हणजे मळसूत्री नळीवर बसलेले एक लहान दातेरी चाक. मोटर झटक्याने फिरली की ते स्वतःच्या जडत्वामुळे मागे राहते, म्हणून नळीवरून पुढे सरकते आणि फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकते. नळीवर क्लचची धूळ व तेल यांचा चिकटा बसला की हे सरकणे थांबते. रॉकेलने नळी धुऊन, कोरडी करून, पातळ तेलाचा केवळ स्पर्श द्यावा. मायेपोटी ग्रीस थापणारा मालक पुढच्या बिघाडाची तजवीज करत असतो. याउलट एकदाच ‘ठक्’ होऊन सारे स्तब्ध झाले, तर ते चाक दात्यांत रुतले असण्याचा संभव आहे. सेल्फच्या मागील टोकाला लहान टोपणाखाली दांड्याचे चौकोनी टोक असते, ते पान्याने फिरवले की चाक सुटते. किंवा इग्निशन बंद ठेवून, गाडी वरच्या गिअरमध्ये घालून, मागेपुढे हलवावी. इंजिन पूर्ण थांबण्यापूर्वी दुसऱ्यांदा सेल्फ मारल्याने दात्यांचे कोपरे झडतात. चार सिलिंडरचे इंजिन थांबताना बहुधा ठरलेल्या दोनच स्थानी थांबते, त्यामुळे फ्लायव्हीलची रिंगही त्या दोन जागीच अधिक झिजते; एखादे दिवशी सेल्फ धरतो व एखादे दिवशी नुसताच खरखरतो, याचे गूढ पुष्कळदा येथेच उकलते.

लागोपाठ होणाऱ्या ‘टकटक’ आवाजावरून सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला प्रवाह जोडणारा विजेवर चालणारा स्विच, बदलण्याची घाई करू नये. दाब अपुरा असला की सोलेनॉइड ओढला जातो, सेल्फने प्रवाह मागताच दाब कोसळतो, तो सुटतो, आणि हेच चक्र चालू राहते. शिवाय मूठ ओढून तारेने स्विच दाबण्याची जुनी व्यवस्था ज्या गाड्यांत आहे, त्यांत सोलेनॉइडच नसतो.

धन टोक अर्थला असलेल्या गाडीत बॅटरी उलटी जोडली तर सेल्फ उलटा फिरेल, अशी भीती अनेक जाणत्यांनाही वाटते. सेल्फमध्ये फिल्ड कॉइल व आर्मेचर एकाच मालिकेत असतात; प्रवाहाची दिशा पालटली की दोन्हींची पालटते आणि फिरण्याची दिशा कायम राहते. जपायचे असते ते डायनामोला. त्याचप्रमाणे ६ व्होल्टच्या जुन्या गाडीचा सेल्फ मंद वाटला म्हणून १२ व्होल्टची बॅटरी जोडणे हा उपाय नव्हे. तितक्याच शक्तीसाठी ६ व्होल्टला दुप्पट प्रवाह लागतो, आणि पूर्वी कोणीतरी बसवलेली बारीक केबल त्याला पुरत नसते.

राहिला हातोडीचा प्रश्न. सेल्फच्या अंगावर हलकेच ठोकल्याने तो फिरू लागला, तर त्याचे कार्बन झिजलेले किंवा खाचेत अडकलेले आहेत एवढे निदान झाले. उपचार मात्र व्हायचाच आहे. कार्बन खाचेत मोकळे सरकावेत, कम्यूटेटर बारीक पॉलिशपेपरने साफ करावा. रिवाइंडिंगवाले डायनामोच्या सवयीने कम्यूटेटरच्या पट्ट्यांमधील अभ्रक कोरून खोल करतात. लुकासच्या या सेल्फमध्ये ते कोरायचे नसते, आणि काम सोपवतानाच ही ताकीद द्यावी.