दचक्याआधीची भीती

भयपटातला सर्वांत गाजलेला जुना दचका एका बसने दिला आहे. १९४२ साली आरकेओ स्टुडिओने काढलेल्या ‘कॅट पीपल’मध्ये ॲलिस नावाची तरुणी रात्री सेंट्रल पार्कच्या कडेकडेने एकटीच निघाली आहे. तिच्या मागे आयरिना आहे. आयरिना सर्बियातून न्यूयॉर्कला आलेली. वासना किंवा मत्सर जागा झाला की आपल्या गावच्या बायकांचे हिंस्र श्वापद होते, अशी तिची पक्की समजूत आहे. आणि आपल्या नवऱ्याचे मन ॲलिसकडे वळते आहे, हेही तिला उमगले आहे. निर्मनुष्य रस्त्यावर दोघींच्या उंच टाचांचा आवाज येत राहतो. मग मागच्या टाचांचा आवाज थांबतो. ॲलिस वळून पाहते तर कोणीच नाही. ती पावले उचलते, दिव्याखालून अंधारात आणि अंधारातून पुढच्या दिव्याखाली. आणि एकाएकी श्वापदाने फिसकारावे तसा आवाज कानावर आदळतो. तो असतो थांब्यावर येऊन उभ्या राहिलेल्या बसच्या ब्रेकचा. या चित्रपटाचा निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक जाक तूर्नर आणि संकलक मार्क रॉब्सन. अशा फसव्या दचक्याला पुढे चित्रपटवाल्यांच्या बोलीत ‘ल्यूटन बस’ हेच नाव पडले, आणि आजच्या जम्प स्केअरची वंशावळ सांगताना सुरुवात बहुधा इथूनच होते. पण दचक्याशिवाय भीती कशी घडवता येते, याचा उत्तम पुरावाही याच चित्रपटात आहे, आणि तो या बसच्या प्रसंगातही सापडतो.

त्यासाठी आधी दचकणे आणि घाबरणे यांत फरक करायला हवा. दचकणे ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. कार्नी लँडिस आणि विल्यम हंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी माणसांजवळ अचानक पिस्तुलाचा बार काढून त्यांच्या हालचाली वेगवान कॅमेऱ्याने टिपल्या आणि १९३९ साली त्यावर पुस्तक लिहिले. डोळे मिटतात, मान पुढे येते, खांदे आखडतात, आणि हे सारे काय घडले ते कळण्याच्या आत होऊन जाते. पापणी मिटायला सेकंदाचा विसावा हिस्साही पुरतो. बाराच्या आवाजाला सरावलेल्या माणसालाही ही पापणी आवरत नाही. म्हणजे दचकायला गोष्ट लागत नाही, पात्र लागत नाही, विश्वास लागत नाही; वाऱ्याने आपटलेले दार ते काम तितक्याच चोखपणे करते. भीतीचे तसे नाही. भीती वाटायला आधी काहीतरी माहीत असावे लागते आणि ते खरे ठरेल की काय, या शंकेत काही काळ राहावे लागते. दचक्याशिवाय भिवविणारे चित्रपट ही दोन कामे करतात: ते प्रेक्षकाला काही माहिती देतात, आणि मग त्या माहितीसोबत त्याला ताटकळत ठेवतात.

दोन्ही गोष्टी इतक्या वेगळ्या काढता येत नाहीत, असा आक्षेप इथे येईल, आणि त्याला प्रयोगाचा आधार आहे. १९५१ साली अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले, की विजेच्या धक्क्याची धास्ती घातलेले उंदीर मोठ्या आवाजाला एरवीपेक्षा जास्त दचकतात. माणसांच्या बाबतीतही हे पुढे वारंवार दिसून आले. मग भीती दचक्याला वाढवत असेल, तर भयपटाने दचका का वापरू नये? पण या प्रयोगातला क्रम पाहावा. भीती आधी आहे. दचका तिचे माप दाखवतो, तिला जन्म देत नाही. ‘कॅट पीपल’मधली बस जोरात आदळते ती त्याआधीच्या पायी चालण्यामुळे. चालण्याचा तो भाग कापून नुसती बस ठेवली, तर उरेल तो फक्त एक आवाज. आणि बस आल्यावर काय होते? ॲलिस आत चढते, दार बंद होते, प्रेक्षक श्वास सोडतो. साठवलेली भीती तिथे खर्च होऊन जाते. ल्यूटन आणि तूर्नर यांना हे नीट कळले होते, कारण त्याच चित्रपटातल्या पोहण्याच्या तलावाच्या प्रसंगात त्यांनी बस आणलीच नाही. तळघरातल्या तलावात ॲलिस एकटी आहे, दिवा मालवलेला, पाण्याचे कवडसे छतावर आणि भिंतींवर हलताहेत, आणि कुठून तरी गुरगुर ऐकू येते. ती ओरडते, मदतीला माणसे धावतात. दिवा लागतो तेव्हा काठावर आयरिना शांतपणे उभी असते. नंतर ॲलिसचा अंगरखा फाटून चिंध्या झालेला सापडतो. इथे सुटकेचा क्षणच नाही. दिवा लागल्याने काहीही उलगडत नाही, उलट संशय पक्का होतो.

यावर कोणी म्हणेल, ही गरिबीने शिकवलेली युक्ती. आरकेओची अट तशीच होती: नाव स्टुडिओ देणार, खर्च दीड लाख डॉलरच्या आत, लांबी ७५ मिनिटांच्या आत. बनावट श्वापदाला पैसे नव्हते, म्हणून सावल्या आल्या. हे कारण खरे आहे, पण अपुरे आहे. पैशांची चणचण असलेल्या स्टुडिओंनी त्या काळात भयपटांची रास घातली. त्यांतले बहुतेक आज कोणाला आठवत नाहीत. चणचणीने ल्यूटनला काय दाखवायचे नाही ते सांगितले. त्या जागी काय ठेवायचे, हे त्याचे त्याला ठरवावे लागले.

त्याने काय ठेवले, ते पुढच्याच वर्षीच्या ‘द लेपर्ड मॅन’मध्ये सर्वांत स्पष्ट दिसते. न्यू मेक्सिकोतल्या एका गावात जाहिरातीसाठी आणलेला काळा बिबट्या सुटला आहे. तेरेसा या कोवळ्या मुलीला आई रात्री मक्याचे पीठ आणायला धाडते. पोरगी बिबट्याच्या भीतीने जायला राजी नाही. आई तिला बाहेर काढून दार लावून घेते. जवळचे दुकान बंद होऊन गेले आहे, म्हणून कोरड्या ओढ्यापलीकडच्या दुकानात जावे लागते. परतीच्या वाटेवर रेल्वेपुलाखाली ती थबकते आणि डोक्यावरून धडधडत आगगाडी जाते. ल्यूटनची बसच ती, नव्या वेषात. पण हा प्रसंग ज्यासाठी लक्षात राहतो ते त्यानंतर घडते. तेरेसा धावत घरी येते, दार बडवते, आईला हाका मारते. आईला वाटते, पोरगी बहाणे करते आहे. मग किंकाळी बदलते, आई दाराकडे धावते, आणि अडसर निघत नाही. कॅमेरा घरातच आहे. दाराच्या फटीतून रक्त आत वाहत येते. सगळी माहिती प्रेक्षकाला आधीपासून आहे: बिबट्या, रात्र, आईचा करडा स्वभाव, लावलेले दार. अनपेक्षित असे काहीच घडत नाही. जे होणार हे दिसत होते तेच होते, आणि त्याची भीती कोणत्याही अचानक आवाजाहून मोठी आहे, कारण तिच्यात एका आईने केलेली साधी, रोजच्या रागातली चूक आहे.

अशा चित्रपटांबद्दल एक मत इतक्या वेळा लिहिले गेले आहे, की ते नियमासारखे वाटू लागले आहे: जे दिसत नाही तेच घाबरवते. मला ते अर्धेच खरे वाटते. जॅक क्लेटनचा ‘द इनोसंट्स’ (१९६१) हे त्याचे खणखणीत उत्तर आहे. हेन्री जेम्सच्या १८९८ सालच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’वर बेतलेल्या या चित्रपटाला गरिबीची सबबही चालत नाही. मागे ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स, डेबोरा करसारखी मोठी नटी आणि सिनेमास्कोपची लांबरुंद चौकट. छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिसने फिल्टर हाताने रंगवून त्या चौकटीच्या कडा काळवंडून टाकल्या, म्हणजे नजर मध्यावर राहावी आणि मन मात्र कडांकडे ओढत राहावे. या चित्रपटात भूत दिसते, आणि तेही भरदिवसा. तळ्याकाठी छोटी फ्लोरा आपल्याच नादात गुणगुणते आहे. पलीकडे पाणगवतात काळ्या कपड्यांतली एक बाई उभी आहे, दूर, निश्चल. ती काही करत नाही, पुढे येत नाही. क्लेटन आपल्याला आधी मुलांना सांभाळणाऱ्या गव्हर्नेसचा चेहरा दाखवतो आणि मग तिला जे दिसले ते, त्यामुळे दचकायला जागाच राहत नाही. चेहरा पाहून आपण सावध झालेलो असतो. आता भीती त्या आकृतीची उरलेली नाही. मुलीलाही ती दिसते आहे का, आणि दिसत असून ती लपवते आहे का, या प्रश्नाची ती भीती आहे. शिवाय तिसरी शक्यता खुली राहते, की हे सारे गव्हर्नेसच्याच मनात आहे, आणि तसे असेल तर या मुलांना खरा धोका तिच्याकडूनच आहे. दाखवणे आणि लपवणे हा इथे मुद्दाच नाही. दिसलेल्या गोष्टीचा अर्थ लागत नाही आणि तरी तिच्याकडे पाहत राहावे लागते, यात ही भीती आहे.

जपानमध्ये कियोशी कुरोसावाने हीच वाट आणखी पुढे नेली. त्याच्या ‘क्युअर’मध्ये (१९९७) ज्यांची एकमेकांशी ओळखपाळख नाही अशी माणसे एकाच पद्धतीने खून करतात, आणि प्रत्येक जण त्याआधी मामिया नावाच्या विसरभोळ्या तरुणाशी बोललेला असतो. मामियाच्या लायटरची ज्योत, त्याचे तेच ते प्रश्न, हे आपण पाहिलेले असते. मग एका सकाळी पोलीस चौकीसमोर एक शिपाई नेहमीची कामे उरकावीत तशा थाटात आपल्या सहकाऱ्याला गोळी घालतो. कॅमेरा लांब उभा, मध्ये कट नाही, पार्श्वसंगीताचा इशारा नाही. ‘काइरो’मध्ये (२००१) तर भूत झालेली बाई अंधाऱ्या कोपऱ्यातून अगदी सावकाश चालत येते, मध्येच विचित्रपणे झोकांडते, सावरते आणि पुन्हा चालू लागते. ती पूर्ण दिसते. पळून जायला भरपूर वेळ असतो, आणि तेच असह्य होते.

आधी दिलेली माहिती किती काम करते, हे मोजायचे तर ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’चा (१९९९) शेवट घ्यावा. एक तरुण तळघरात भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात उभा आहे. एवढेच चित्र. मुलांना मारणारा माणूस एकाला मारताना दुसऱ्याला कोपऱ्यात तोंड करून उभे करी, ही गावकऱ्यांची गोष्ट सुरुवातीला ज्याने लक्षपूर्वक ऐकली, त्याच्या काळजाचा ठोका चुकतो. ज्याच्या कानावरून ती निसटली, त्याला काय झाले ते कळतही नाही. पुष्कळांनी हा चित्रपट कंटाळवाणा म्हणून हिणवला, त्याचे एक कारण हे असावे. विशाल फुरियाच्या मराठी ‘लपाछपी’त (२०१७) दचके आहेत, आणि माझ्या मते ते त्याचे दुबळे क्षण आहेत. त्यातली खरी भीती आहे ती उसाच्या फडात, जिथे लख्ख उन्हातही चार हातांवरचे दिसत नाही, आणि तुळसाबाईच्या मायेत. गर्भवती नेहाची ती बडदास्त ठेवते, तिला जपते. आणि या घराला पोटातल्या बाळाशी काय कर्तव्य आहे ते उमगू लागते, तशी तीच माया अंगावर येते. मुलीचा गर्भ नको असणारी घरे मराठी प्रेक्षकाला माहीत आहेत. ती माहिती चित्रपटाला द्यावी लागली नाही, प्रेक्षक ती घेऊनच आला होता.

थोर भयपटांतही दचके आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. ल्यूटनच्याच हाताखाली तयार झालेल्या रॉबर्ट वाइजने ‘द हॉंटिंग’मध्ये (१९६३) एकही भूत दाखवले नाही. अंधारात नायिका एलिनॉर जो हात घट्ट धरून असते, तो कोणाचा होता, हा त्यातला भयंकर प्रश्न. तरी शेवटाकडे वरच्या झडपेतून एकदम एक चेहरा बाहेर येतो आणि चित्रपटगृह दचकते. त्याने काही बिघडत नाही, कारण तोवरची भीती त्याच्या आधाराने उभी नाही. बिघडते ते दर पाच-सात मिनिटांनी दचका येतो तेव्हा. प्रेक्षक मग चित्रपटाची चाल ओळखतो: शांतता झाली की आवाज येणार. तो पात्रांबद्दल विचार करणे सोडून स्वतःचे कान जपू लागतो.

आजच्या प्रेक्षकाला धीर नाही, हा निर्मात्यांचा आवडता आक्षेप. पण ‘कॅट पीपल’ जाणकार रसिकांसाठी काढला नव्हता. भरगच्च गल्ल्यासाठी काढलेला तो स्वस्तातला चित्रपट होता, आणि त्याने गल्ला भरला. ॲरी ॲस्टरच्या ‘हेरेडिटरी’त (२०१८) मुलगा पलंगावर जागा होतो, आणि त्याच्या मागे वरच्या अंधाऱ्या कोपऱ्यात त्याची आई भिंतीला चिकटून आहे. त्या क्षणी संगीत आदळत नाही, कॅमेरा बोट दाखवत नाही. कोणाला ती लगेच दिसते, कोणाला काही सेकंदांनी, आणि एकाच चित्रपटगृहात भीती वेगवेगळ्या खुर्च्यांवर वेगवेगळ्या वेळी पोहोचते. या चित्रपटाने जगभरात आठ कोटी डॉलरच्या आसपास कमाई केली. अडचण धीराची कमी आणि पडद्याची जास्त आहे. दिवाणखान्यातल्या उजेडात किंवा हातातल्या फोनवर तो काळा कोपरा नुसता काळाच दिसतो, आणि आवाज मात्र कुठेही पोहोचतो. घरी बसून पाहणाऱ्यासाठी काढलेल्या भयपटांत दचके वाढण्यामागे हेही कारण असणार.

मराठी वाचकाला तर या सगळ्याचा पुरावा घरच्या कपाटातच मिळतो. छापील पानाला दचकवता येत नाही, त्याच्याजवळ आवाज नाही. तरी नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांनी पिढ्यान्‌पिढ्या माणसांना रात्री दिवा मालवायला कचरायला लावले. त्यांच्याकडे हत्यारे दोनच होती: वाचकाला काय आणि केव्हा सांगायचे, आणि त्यानंतर किती वेळ थांबायचे. धारपांच्या कथेचा आधार घेतलेल्या राही अनिल बर्वे यांच्या हिंदी ‘तुंबाड’मध्ये (२०१८) साखळदंडांत झोपलेल्या आजीचा भाग इतका परिणाम करतो तो याच क्रमामुळे. ती कोण, तिला जाग आली तर काय बोलायचे, हस्तर या शापित देवाचे नाव कशासाठी घ्यायचे, हे पोराला आणि आपल्याला अगोदर सांगून ठेवले जाते. मग आई घरी नसलेली रात्र येते. एरवी धारपांच्या आणि मतकरींच्या कथा पडद्यावर आणताना पटकथेत सर्वांत आधी गळतात ती हीच अगोदरची पाने, कारण कागदावर त्यांत काही घडत नसते, आणि मग त्यांची उणीव आवाजाने भरून काढावी लागते.