वांकड्या वाटीचें मोल

पालघर तालुक्यांतील माकुणसार येथें आमचे एक आप्त राहतात. गेल्या उन्हाळ्यांत आम्ही त्यांच्याकडे गेलों असतां त्यांच्या धाकट्या सुनेनें हौसेनें घडविलेल्या वाट्या भट्टींतून नुकत्याच निघाल्या होत्या. एकीचा कांठ कलला होता आणि झिलईवर केसासारख्या रेघा उमटल्या होत्या. हा आपला शेवटचाच प्रयत्न, असें सूनबाईंनीं मनाशीं ठरविलें होतें. ती वाटी त्या पदराआड लपवूं लागल्या, तोंच सासूबाई म्हणाल्या, “अगं, राहूं दे. मला सुपारीला हवीच होती एक!”

कुंभारकलेंत दोष तरी कशाला म्हणावें? माती वाळतांना व भाजतांना आटते. जाड आणि पातळ अंग सारखें आटलें नाहीं म्हणजे भांडें कलतें. झिलई मातीपेक्षां अधिक आक्रसली, कीं तिच्यावर रेघा पडतात. चिनी कारागिरांनीं याच रेघांना अलंकार मानून त्या मुद्दाम आणविल्या. जपानांत सोळाव्या शतकांत चोजिरो यानें चहाचे पेले चाकावांचून, नुसत्या हातांनीं घडविले. त्यांचा ओबडधोबडपणाच रसिकांनीं उचलून धरिला. पण इतकें दूर तरी कशाला जावें? आपला माठच पाहा. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरलेलें पाणी वाफ होऊन जातांना उष्णता नेतें, म्हणून आंतलें पाणी गार राहतें. लोणच्याच्या बरणींत जो दोष ठरेल, तोच माठाचा गुण!

मात्र निष्काळजीपणास कला म्हणावें, असा याचा अर्थ नव्हे. गळकी वाटी ती गळकीच. माती कोणती, झिलईंत काय घातलें, आंच किती वेळ दिली, हें प्रयोग करणारानें टिपून ठेवावें; म्हणजे आजचा दोष उद्यां टाळतां येतो, आवडला तर पुन्हां साधतांही येतो. पश्चिम रेल्वेच्या याच मार्गावर भाईंदर येथें ज्यांनीं आपली कर्मशाळा थाटली, ते ब्रह्मदेव पंडित बिहारमधील कुंभाराच्या घरीं जन्मले. परंतु वडिलोपार्जित मडक्यांवरच न थांबतां ते कडक आंचेच्या झिलईदार भांड्यांकडे वळले. २०१३ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली.

घरांतील कोणाच्याही पहिल्या प्रयत्नांतले दोष आपणां सर्वांना चटकन दिसतात. त्याला घरांत जागा देणें मात्र क्वचितच सुचतें. माकुणसारची ती वांकडी वाटी आतां सासूबाईंच्या पानाच्या तबकांत आहे, आणि सूनबाईंनीं त्यानंतर दोन भट्ट्या लाविल्या आहेत.