गुडघा मोडला, तर पोराने काय करायचे?

किनवट तालुक्यातल्या एखाद्या वाडीतांड्यावरचा पोरगा कॉलेजच्या कबड्डी संघात चमकू लागला, की गावाला तो प्रो कबड्डीत दिसू लागतो. 2019 च्या लिलावात चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईला 1 कोटी 45 लाख रुपये मिळाले, हे त्याला तोंडपाठ असते. पण लिलावात नाव येण्याआधीच एखाद्या पकडीत गुडघ्याचा लिगामेंट तुटला तर? शस्त्रक्रिया, त्यानंतर नऊ-दहा महिन्यांचा व्यायाम आणि उपचार. मजुरी करणाऱ्या बापाने हा खर्च कुठून करायचा? मग खेळ की पोट, हा निवाडा त्या पोराने एकट्याने करायचा!

आपल्याच मराठवाड्यातला अविनाश साबळे पाहा. आष्टी तालुक्यातले मांडवा हे त्याचे गाव. आईबाप वीटभट्टीवर राबले. बारावीनंतर तो लष्करात गेला, 5 महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनच्या बर्फात पहारा दिला. 2018 साली घोट्याच्या दुखापतीने त्याची आशियाई स्पर्धा हुकली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने 3000 मीटर स्टीपलचेसचा 37 वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. 2022 ला राष्ट्रकुल रौप्य, 2023 ला आशियाई सुवर्ण. जुलै 2025 मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत तो पडला, गुडघ्याचा लिगामेंट फाटला, शस्त्रक्रिया झाली आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा गेली.

साबळेची जिद्द मोठीच. पण त्याच्यामागे कायमची नोकरी होती, हे विसरू नका. घोटा दुखावला म्हणून त्याच्या घरची चूल विझली नाही. आज ती वाटही अरुंद झाली आहे. 2022 च्या अग्निपथ योजनेने भरती चार वर्षांची केली. त्यानंतर जास्तीत जास्त 25 टक्के जवान कायम होणार. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण ते पदक मिळवणाऱ्याला. पदकाआधीच जायबंदी झालेल्याने कोणाचे दार ठोठवायचे?

म्हणून मागणी स्पष्ट हवी. संघात नाव घेताना कॉलेजने आणि विद्यापीठाने दुखापतीच्या उपचारांची हमी लेखी द्यावी. आपणही मागे राहू नये. जयंतीनिमित्त कबड्डीचे सामने भरवणाऱ्या मंडळांनी एक ढाल कमी करावी, डीजेचा एक दिवस वाचवावा आणि त्या पैशात खेळाडूंचा विमा उतरवावा.

आणि पोरांनो, मैदान सोडू नका, पण परीक्षेचा फॉर्मही चुकवू नका. लिलावातला करार ठरावीक हंगामांचा असतो. गुडघा एका क्षणात जातो. पदवी मात्र कुणाच्या पकडीत सापडत नाही.