चला, देऊळ वाचूया!

देऊळ म्हटलं की आपण काय करतो? चपला काढतो, घंटा वाजवतो, नमस्कार करतो, प्रसाद घेतो आणि परत फिरतो. पण मित्रांनो, जुनं दगडी देऊळ हे एक मोठं पुस्तकच असतं बरं का! फक्त त्याची अक्षरं ओळखता यायला हवीत. आज ती शिकू या. त्यासाठी जाऊ या ठाणे जिल्ह्यातल्या अंबरनाथच्या शिवमंदिरात.

वालधुनी नदीकाठचं हे देऊळ उत्तर कोकणच्या शिलाहार राजांच्या काळातलं. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे वर्ष दिलं आहे आणि मुम्मुणी या शिलाहार राजाचं नावही आहे. म्हणजे देवळाचं वय साडेनऊशे वर्षांहून जास्त!

देवळालाही शरीर असतं

आपल्या जुन्या शिल्पकारांनी देवळाची कल्पना माणसाच्या शरीरासारखी केली. खालचं जोतं म्हणजे अधिष्ठान. त्यावरची मूर्तींनी भरलेली भिंत ती जंघा, म्हणजे मांडी. शिखर वर निमुळतं होत जातं, तिथे स्कंध म्हणजे खांदा. त्यावर ग्रीवा, म्हणजे मान. मानेवर आवळ्यासारखा कंगोरे असलेला चपटा दगड असतो, त्याचं नाव आमलक. आणि सगळ्यात वर कळस!

अंबरनाथचं शिखर 'भूमिज' पद्धतीचं आहे. अशा शिखराच्या चार बाजूंना चार उभे पट्टे असतात आणि त्यांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी. जणू मण्यांच्या माळाच! अंबरनाथच्या शिखराचा वरचा भाग आज शिल्लक नाही. पण सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिरात असं शिखर छान पाहायला मिळतं.

उजेडातून अंधाराकडे

बाहेरच्या भिंतींवर देव, देवी, नर्तकी, हत्ती अशी केवढी गर्दी! मंडपात शिरलं की उजेड थोडा कमी होतो. पुढे गाभारा, म्हणजे गर्भगृह. तो लहान आणि अंधारा. बाहेरची ती गर्दी इथे नाही. असं का? बाहेरच्या जगाचा पसारा हळूहळू मागे टाकत मन एका जागी आणावं, म्हणून. अंबरनाथला तर गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात.

शंकराच्या देवळात गाभाऱ्यासमोर अनेकदा दगडी कासव दिसतं. कासव जसं आपले अवयव आत ओढून घेतं, तशी माणसानं आपली इंद्रियं आवरावीत, असं ते सांगतं. अभिषेकाचं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडतं, ती ओलांडायची नाही. म्हणून शंकराला अर्धी प्रदक्षिणा घालून परत फिरतात.

आणि उंबरठ्यावर किंवा खांबांवर तो वटारलेल्या डोळ्यांचा, दात विचकणारा राक्षस कोण? तो कीर्तिमुख! पुराणातली गोष्ट अशी : शंकरानं रागाच्या भरात एक अक्राळविक्राळ प्राणी निर्माण केला. त्याला भयंकर भूक लागली. "मग स्वतःलाच खा," असं शंकरानं सांगताच त्यानं खरंच स्वतःला खायला सुरुवात केली आणि शेवटी फक्त तोंड उरलं. शंकर प्रसन्न झाला आणि त्याला देवळात मानाचं स्थान दिलं.

चुना नाही, सिमेंट नाही

ही देवळं काळ्या बसाल्टची. दगड नीट घडवून, एकात खाच आणि दुसऱ्याला कुसू ठेवून ते एकमेकांत बसवले. मधे चुना नाही. सगळा डोलारा उभा आहे तो दगडांच्या वजनावर आणि नेमक्या मापावर. अशा देवळांना आपण सरसकट 'हेमाडपंती' म्हणतो. पण यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, होऊन गेला तेराव्या शतकात. अंबरनाथचं देऊळ त्याच्याही साधारण दोनशे वर्षं आधीचं. मग ते त्यानं कसं बांधलं असणार, सांगा बरं!

छत कसं तोललं असेल, हे पाहायचं असेल तर घरी एक प्रयोग करा. सहा सारखी पुस्तकं टेबलाच्या कडेवर एकावर एक ठेवा. सगळ्यात वरचं जवळजवळ निम्मं पुढे सरकवा, त्याखालचं पावभर, त्याखालची आणखी कमी कमी. जमलं, तर सगळ्यात वरचं पुस्तक टेबलाच्या पूर्ण बाहेर येईल, तरी पडणार नाही! देवळातही दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवतात. मागच्या बाजूचं वजन त्याला दाबून धरतं. चारही बाजूंनी थर जवळ येत येत मधली जागा लहान होते आणि शेवटी एका दगडानं ती झाकतात.

आता आपली पाळी

अशा देवळाचे शत्रू कोण? सांध्यात रुजलेला पिंपळ हा एक. त्याची मुळं जाड होत जातात आणि दगड हलतात. दुसरा, हौसेनं फासलेला ऑइलपेंट. त्यानं बारीक कोरीव काम बुजतं, आतली ओल अडकते आणि रंग काढताना नक्षीही झिजते. तिसरा शत्रू म्हणजे खिळ्यानं स्वतःचं नाव कोरणारा! संरक्षित स्मारकाची नासधूस केली, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. पण शिक्षेपेक्षा मोठी गोष्ट ही, की मूर्तीचं तुटलेलं बोट पुन्हा उगवत नाही.

१८६८ साली मुंबईच्या कलाशाळेतल्या मंडळींनी अंबरनाथला जाऊन शिल्पांची चित्रं काढली, साचे घेतले. तुम्हीही सुट्टीत आई-बाबांबरोबर जवळच्या जुन्या देवळात जा. वही-पेन्सिल न्या. जंघा शोधा, आमलक शोधा, कीर्तिमुखं मोजा. आपलं नाव लिहायचंच असेल, तर ते आपल्या चित्राखाली लिहा!