त्वचेतले खडे

लहान मुलाच्या गालावर किंवा कानावर क्वचित एखादा पांढरट-पिवळसर, टणक फोड येतो. तो पिकत नाही, बहुधा दुखतही नाही, चामखीळच वाटते. काढून प्रयोगशाळेत पाठवला, की त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप घेताना भातातला खडा दाताखाली यावा तसं पातं अडखळतं. आत कॅल्शियम फॉस्फेट साचलेलं असतं!

आता काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या गाभ्यापासून मिळणारा हिमॅटॉक्झिलिन हा रंग पेशींची केंद्रकं निळी-जांभळी करतो. कॅल्शियमचे साठेही तो रंग ओढून घेतात. त्यामुळे बाह्यत्वचेच्या लगेच खाली, गुलाबी तंतूंच्या जाळ्यात गडद जांभळे गोळे दिसतात. कुठे सुटे कण, कुठे एकमेकांत मिसळून झालेली ढेकळं. त्यांच्याभोवती भक्षक पेशी जमलेल्या; काही तर एकजीव होऊन अनेक केंद्रकांच्या महाकाय पेशी झालेल्या. कॅल्शियम आपल्याच शरीरातलं, पण इथे त्याला परक्याची वागणूक! वरची बाह्यत्वचा जाड होते आणि कधी कधी एखादा कण आपल्या थरांतून वर ढकलत बाहेर टाकते.

खात्रीसाठी फॉन कोसा यांनी 1901 साली मांडलेली पद्धत आजही वापरतात. कापावर सिल्व्हर नायट्रेट घालून उजेडात ठेवलं, की साठे काळेभोर होतात. गंमत म्हणजे तो काळा रंग कॅल्शियमचा नव्हेच. चांदी कॅल्शियमची जागा घेऊन फॉस्फेटशी जोडली जाते आणि प्रकाशाने काळी पडते. म्हणजे कॅल्शियम ओळखायचं ते त्याच्या जोडीदारावरून.

प्रौढ शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असतं. त्यातलं 99 टक्के हाडांत आणि दातांत. हाडातही कॅल्शियम फॉस्फेटच. पण तिथे थरांची रचना असते आणि इवल्या पोकळ्यांमध्ये जिवंत पेशी बसलेल्या असतात. त्वचेत असं काही दिसलं, तर ते खरोखरीचं हाड. त्याचं निदान वेगळं. या खड्यांत ना थर, ना पेशी.

गालावरचा एकटा खडा निरुपद्रवी असतो. पण त्वचेत असेच साठे मूत्रपिंडाच्या विकारात फॉस्फेट वाढल्यानेही होतात. काचेवरचा काप सांगतो काय साचलंय. का साचलं, ते रक्ताला आणि रुग्णालाच विचारावं लागतं.