कुंपणावरची झाडं (भाग ७): एका जागी राहणारा बांबू

मेंदी, कडू मेंदी आणि दुरांटा झाले. या आठवड्यात बांबू.

कुंपणाला बांबू लावू या म्हटलं की घरात लगेच दोन पक्ष पडतात. एका पक्षाच्या डोळ्यांपुढे तीन-चार पावसाळ्यांत उभी राहिलेली हिरवीगार भिंत असते, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे शेजाऱ्याची फरशी उचकटून वर आलेले कोंब. दोघंही खरंच बोलत असतात. फक्त ते दोन वेगळ्या बांबूंबद्दल बोलत असतात, आणि त्या दोघांमधला फरक मातीखाली असतो.

बांबू हे गवत. काठी पन्नास फूट गेली तरी गवतच, आणि त्याचा सगळा कारभार जमिनीखालच्या कंदावर चालतो. हा कंद दोन तऱ्हांनी वाढतो. पहिल्या तऱ्हेत तो जाड आणि आखूड असतो. थोडासा पुढे सरकतो, टोक वर वळवतो आणि त्या टोकाचीच काठी होते. पुढच्या पावसाळ्यात त्याच्या कुशीतल्या डोळ्यातून नवा कंद निघतो, तोही वीतभर जाऊन वर वळतो. अशा काठ्या एकमेकींना खेटून उभ्या राहतात आणि बेट तयार होतं. दुसऱ्या तऱ्हेचा कंद बोटाएवढा बारीक आणि लांबलचक. त्याचं टोक आडवंच पुढे जात राहतं आणि काठ्या निघतात त्या वाटेतल्या पेरांवरच्या डोळ्यांतून. बागेतली हराळी ज्याने खणून काढली आहे, त्याला हा प्रकार लगेच कळेल. एका हंगामात हा कंद कित्येक फूट जातो, कुंपणाच्या भिंतीचा पाया उथळ असेल तर त्याखालूनही निघतो. पहिल्या तऱ्हेचा तो बेटाचा बांबू, हा पळणारा.

महाराष्ट्रातले गावठी बांबू सगळे बेटाचे आहेत. सिंधुदुर्गातला माणगा, विदर्भातला मानवेल, काटेरी कळक, सह्याद्रीतली चिवारी, यांतला एकही पळणारा नाही. पळणारे बांबू मुख्यतः चीन-जपानच्या थंड हवेतले, फिलोस्टॅकिस वंशातले. आपल्या देशात अरुणाचलातल्या झिरो खोऱ्यात आपातानी लोक पिढ्यानपिढ्या फिलोस्टॅकिस जपतात, पण ते त्यासाठी राखलेल्या स्वतंत्र, कुंपण घातलेल्या बागांमध्ये. चार गुंठ्यांच्या बंगल्याच्या कडेला तो आणून लावणं वेगळं.

आता हे बांबू इथेही विकायला येतात, आणि गोंधळ होतो तो नावांमुळे. ‘गोल्डन बांबू’ या नावाने आपल्याकडे बहुतेक वेळा मिळतो तो पिवळ्या काठीवर हिरव्या रेषांचा बाम्बुसा व्हल्गारिस. तो बेटाचा आहे. पण बाहेरच्या पुस्तकांत आणि बियाणं-रोपं विकणाऱ्यांच्या यादीत याच नावाचा बांबू म्हणजे फिलोस्टॅकिस ऑरिया, अगदी पक्का पळणारा. काळ्या बांबूचंही तेच. जावा बेटावरचा काळा जायगँटोक्लोआ बेटाचा, तर चीनमधला काळा फिलोस्टॅकिस नायग्रा पळणारा. पानांवर पांढरे पट्टे असलेला गुडघाभर उंचीचा शोभेचा बांबू मिळतो, तोही पळतो. तो कुंडीतच ठेवावा. म्हणून नावावर विसंबू नका, रोप हातात घेऊन पाहा. नर्सरीत पाच मिनिटांत ओळख पटते.

आधी काठीचं एक पेर दोन बोटांत धरून फिरवा. फांद्या फुटतात त्या गाठीच्या वरच्या बाजूला, पेराला एक चपटेपणा किंवा उभी खोबण लागली, आणि त्या गाठीवर एक मोठी, एक लहान अशा दोनच फांद्या असतील, तर तो फिलोस्टॅकिस. पेर सगळीकडून गोल आणि गाठीवर फांद्यांचा झुबका असेल तर बहुधा बाम्बुसा. ऑरियाची आणखी एक खूण म्हणजे काठीच्या बुडाकडची पेरं खूप आखूड, एकमेकांवर चेपल्यासारखी आणि कधी तिरकी असतात. मग काळी पिशवी उचलून तळ बघा. पिशवीच्या भोकांतून पिवळसर, गाठीगाठींची दोरी बाहेर आली असेल, किंवा पिशवीच्या कडेने गोल फिरून दुसऱ्याच टोकाला कोंब उगवला असेल, तर ते रोप खाली ठेवा. बेटाच्या रोपात नवा कोंब जुन्या काठीच्या अंगाशीच, तिला लागून निघालेला दिसतो. शक्य असेल तर माळ्याला विचारा की नवे कोंब कधी येतात. उष्ण प्रदेशातले बेटाचे बांबू पावसाळ्यात कोंब काढतात, थंड प्रदेशातले पळणारे वसंतात.

या ओळखीला एक अपवाद आहे. ईशान्येतला मुळी बांबू शास्त्राच्या हिशेबात पहिल्याच तऱ्हेचा, पण त्याच्या कंदाची मान हातभर लांब असते. त्यामुळे काठ्या सुट्या सुट्या, दूर दूर येतात आणि बघता बघता जागा व्यापतात. मिझोराममधले डोंगरच्या डोंगर त्याने भरलेले आहेत. कुंपणाला तो नको.

बेटाचा बांबू मिळाला म्हणजे काळजी मिटली, असंही समजू नका. माझं मत असं, की आपल्याकडे बांबूवरून होणारी शेजाऱ्यांची बहुतेक भांडणं पळणाऱ्या बांबूची नसतातच. ती अरुंद जागेत लावलेल्या मोठ्या बेटाची असतात. वर सांगितलेला पिवळा बाम्बुसा व्हल्गारिस हे त्याचं ठळक उदाहरण. रोप असतं दोन फुटांचं, देखणं, स्वस्त. लोक ते भिंतीलगतच्या तीन फुटांच्या पट्टीत ओळीने लावतात. पण त्याची काठी तीन-चार इंच जाड होते आणि चाळीस-पन्नास फूट जाते. बेटाचा बुडखा पट्टीच्या बाहेर येतो, वाऱ्यात काठ्या दोन्हीकडे वाकतात, पाचोळा शेजारच्या पन्हळीत साचतो. मग ते बेट काढायचं तर कोयत्या-पहारीचं काम राहत नाही, यंत्र आणावं लागतं आणि भिंतीलाही धक्का बसतो. एकर-दोन एकराच्या फार्महाउसवर हाच बांबू कोपऱ्यात एकटा उभा केला तर फार सुंदर दिसतो. तिथेच तो शोभतो.

घराच्या बागेच्या कडेला, तीन-चार फुटांच्या पट्टीत लावायचा तर माझी पसंती निःशंकपणे बाम्बुसा मल्टिप्लेक्सला आहे. नर्सरीवाले याला हेज बांबू म्हणतात. मूळचा चीन आणि आग्नेय आशियाकडचा, पण आपल्या हवेत चांगला रुळलेला. काठी बोटाएवढी, फार तर अंगठ्याहून थोडी जाड. उंची दहा ते वीस फूट. त्याचा मोठा गुण असा, की फांद्या आणि पानं अगदी खालपासून असतात. आडोसा हवा असतो तो माणसाच्या नजरेच्या उंचीवर आणि त्याखाली. पंचवीस फुटांवर कितीही दाट पानं असली तरी रस्त्यावरच्या माणसाला आपला ओटा दिसतोच. मोठे बांबू नेमके याच बाबतीत कमी पडतात. वाढले की खालून उघडे होतात.

याच्या काही शोभेच्या जाती आहेत. बारीक, नेच्यासारख्या पानांची एक जात अगदी ठेंगणी राहते. दुसरी ‘अल्फोन्स कार’, पिवळी काठी, तिच्यावर हिरव्या रेषा, आणि कोवळ्या काठीवर उन्हात गुलाबी झाक. हे नाव एकोणिसाव्या शतकातल्या एका फ्रेंच लेखकाचं. ‘ल फिगारो’चा संपादक राहिलेला हा माणूस पुढे नीसला जाऊन फुलांची शेती करू लागला. लेखकाच्या नावाने एखादी कादंबरी उरते, याच्या नावाने एक बांबू उरला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हेज बांबूची रोपं दोन ते अडीच फुटांवर लावावीत. भिंतीपासून निदान दीड-दोन फूट सोडावेत, म्हणजे मागच्या बाजूला माणसाला शिरून साफसफाई करता येते. ही जागा सोडायला लोक कुरकुरतात, पण पुढे बेटाच्या मागे कचरा आणि सुक्या काठ्या साठतात, उंदीर-घुशी होतात, ते याच कंजुषीमुळे. लावणीला पावसाळ्याची सुरुवात उत्तम. खड्डा फूट-दीड फुटाचा, त्यात शेणखत. पाणी साचणारी जागा नको. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात नियमित पाणी लागतं, नंतर त्याची तक्रार नसते. बांबूचा स्वतःचाच पाचोळा बुडाशी राहू द्या. झाडून पेटवू नका, ते त्याचं आच्छादनही आहे आणि खतही.

छाटणीची गोष्ट मेंदीपेक्षा अगदी निराळी आहे आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. बांबूची काठी एका हंगामातच तिची पूर्ण उंची आणि जाडी गाठते. त्यानंतर ती वाढत नाही, फक्त पक्की होते आणि फांद्या काढते. त्यामुळे पहिल्या वर्षी आलेल्या काडीसारख्या काठ्या कधीच जाड होणार नाहीत; जाड काठ्या पुढच्या वर्षांच्या कोंबांतून येतील. म्हणून पहिल्या दोन वर्षांत निराश होऊन रोपं उपटू नका. आणि सात फुटांवर शेंडा कापलात की ती काठी कायमची सात फुटांची. मेंदीसारखी दर महिन्याला कात्री चालवावी लागत नाही. दिवाळीनंतर त्या वर्षीच्या नव्या काठ्यांचे शेंडे एकदा कापले की पुढच्या पावसाळ्यापर्यंत काम नाही. त्याच वेळी तीन-चार वर्षांहून जुन्या, फिकट पडलेल्या काठ्या बुडातून काढाव्यात. काप जमिनीलगतच्या गाठीच्या अगदी वर घ्यावा. पोकळ पेर उघडं राहिलं तर त्यात पाणी साचतं, डास होतात आणि बुडखा कुजतो.

शेताच्या बांधासाठी मात्र हेज बांबू नको, तिथे माणगा लावा. काठी जवळजवळ भरीव, सरळ, काटे नाहीत, उंची पंचवीस-तीस फुटांपर्यंत, आणि बेट मोकळं असल्यामुळे आतली काठी ओढून काढताना अंग सोलत नाही. दक्षिण कोकणात आणि गोव्यात तो कित्येक पिढ्या बांधावर आहे. कुडाळच्या कॉनबॅक या संस्थेने त्याच्यापासून फर्निचर आणि घरं उभी करून दाखवली. त्याला बी सहसा धरत नाही, रोपं काठीच्या तुकड्यांपासून करतात, म्हणून घेताना ती कुठल्या बेटाची आहेत ते विचारावं. आणखी एक सोय अशी, की २०१७ साली वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून जंगलाबाहेरचा बांबू वगळला गेला, त्यामुळे बांधावरचा आपला बांबू तोडायला आणि न्यायला पूर्वीसारखा परवाना लागत नाही. कळक मात्र वस्तीजवळ लावू नये. त्याचे आकडेदार काटे जनावरं अडवतात हे खरं, पण बेट साफ करणाऱ्या माणसालाही ते तसंच अडवतात.

परदेशातल्या मराठी वाचकांसाठी हिशेब उलटा आहे. तिथल्या थंडीत आपले बेटाचे बांबू जगत नाहीत, आणि जोमाने वाढतात ते पळणारे. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने २०१३ मध्ये कायदाच केला. पळणारा बांबू शेजाऱ्याच्या हद्दीत गेला तर जबाबदारी लावणाऱ्याची, आणि हद्दीपासून ४० फुटांच्या आत तो मोकळ्या जमिनीत लावायला मनाई. न्यूयॉर्क राज्याने फिलोस्टॅकिस ऑरियाची विक्रीच बंद केली आहे. काही जण कंद अडवायला दोन-अडीच फूट खोल जाड प्लास्टिकची भिंत पुरतात. तिचा काठ मातीच्या वर दोन बोटं ठेवून दरवर्षी वरून जाणारे कंद कापावे लागतात. एक वर्ष विसरलं की ती भिंत असून नसून सारखी. त्यापेक्षा तिथे फार्जेसिया लावावा. चीनच्या डोंगरांतला, बर्फ सोसणारा, बेटाचा. त्यातल्या म्युरिएले जातीला अर्नेस्ट विल्सन या वनस्पती-संग्राहकाने १९०७ मध्ये हुपेईमधून आणलं आणि आपल्या मुलीचं नाव दिलं. बागांतली जवळपास सगळी रोपं तिथूनच पसरलेली असल्यामुळे १९९० च्या दशकात युरोपभर ती एकदम फुलली आणि मेली. आता मिळतात ती त्या फुलोऱ्याच्या बियांतून वाढवलेली नवी रोपं, म्हणून पुन्हा फुलोऱ्याची धास्ती लवकर नाही. आणि आपल्याकडे कोणी फार्जेसिया विकायला आणला तर घेऊ नका. परदेशी याद्यांमध्ये ‘न पसरणारा’ म्हणून त्याचंच नाव पहिलं असतं, पण पुण्या-नागपूरचा उन्हाळा त्याला झेपणार नाही.

शेवटी पसरण्याबद्दल. बेटाचा बांबूही दरवर्षी थोडा रुंद होतोच. त्याला आवरायची वेळ म्हणजे श्रावण-भाद्रपद. पावसाची उघडीप पाहून कुंपणाच्या ओळीवरून चालत जा. ओळीबाहेर आलेला कोंब फूटभर असतानाच, कोवळा असतानाच, बुडाशी पाय देऊन मोडा. त्याला ना कोयता लागतो ना जोर. तोच कोंब कार्तिकापर्यंत ठेवला तर त्याची काठी होते, तिच्या बुडाशी पुढच्या वर्षीच्या कंदांचे डोळे तयार होतात आणि मग करवत लागते.

पुढच्या आठवड्यात काटेरी कुंपणं: करवंद, सागरगोटा आणि चिल्हार.