बीपी मशीन चुकतंय? कळवा!
इंदापुरात दुकानातून घेतलेलं बीपीचं मशीन असो की बारामतीच्या रुग्णाला बसवलेला स्टेंट, १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्याने ‘औषध’च. २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांत धोक्यानुसार ए ते डी असे चार वर्ग आहेत : बीपी मशीन बी, स्टेंट डी. ए-बीच्या उत्पादनाचा परवाना राज्याचं अन्न व औषध प्रशासन (एफडीए) देतं, सी-डीचा केंद्राची औषध नियामक संस्था सीडीएससीओ. २०२४मध्ये ही संस्था आयएमडीआरएफ या उपकरण नियामकांच्या आंतरराष्ट्रीय मंचाची संलग्न सदस्य झाली. पण सलाइनचा सेट गळला, मशीन भलताच आकडा दाखवू लागलं, तर खबर गावातूनच जायला हवी. उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांवर नजर ठेवणाऱ्या, २०१५पासूनच्या मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमात रुग्णही तक्रार नोंदवू शकतो : १८००-१८०-३०२४. त्यासाठी खोक्यावरचा लॉट क्रमांक लागतो; खोकं फेकू नका.